जुना सॉलिड-स्टेट प्रॅक्टिस अ‍ॅम्प घ्यावा का, आणि घेतला तर वाजवावा कसा?

प्रश्न थोडक्यात असा: बऱ्याच वर्षांनी गिटार पुन्हा हातात घेतली आहे, घरात सरावापुरता अ‍ॅम्प हवा आहे, आणि समोर पर्याय आहेत ते १९८० आणि ९०च्या दशकांतले, दहा ते तीस वॉटचे, वापरलेले ट्रान्झिस्टरवाले अ‍ॅम्प. ट्यूब (जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह) नाही म्हणजे आवाज भिकारच असणार का? घेताना काय तपासायचं? ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) लावला की चिरका, कोरडा आवाज येतो तो अ‍ॅम्पचा दोष की वाजवणाऱ्याचा? आणि फूटस्विच (पायाने चॅनल बदलायचं बटण) हरवला असेल तर तो अ‍ॅम्प सोडून द्यायचा का?

माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. फक्त आपण नेमकं काय विकत घेतोय हे डोक्यात पक्कं असू द्या. असल्या अ‍ॅम्पमध्ये पैसे मोजायचे ते स्पीकर, लाकडी डबा आणि ट्रान्सफॉर्मर या तिघांसाठी. बाकी आत जे असतं, म्हणजे आठ पायांच्या दोन-चार आयसी, मूठभर रेझिस्टर, कपॅसिटर, पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) आणि जॅक, ते आजही सहज मिळतं आणि सोल्डरिंग येणारा कुणीही ते बदलू शकतो. विकणारा मात्र नेमकं उलटं सांगत असतो: किती वॉट, किती चॅनल, किती नॉब, कुठली कंपनी. त्याला सांगू द्या. तुम्ही जाळीच्या आत बघा.

आधी ट्यूबचं. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची बदनामी झाली ती सुरुवातीच्या पिढीमुळे. फेंडरने १९६६मध्ये ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प बाजारात आणले. ते तापायचे, बंद पडायचे, आणि आवाजही वादकांना रुचला नाही. पण त्यानंतर दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं होतं. रोलंडचा जेसी-१२० हा जॅझ कोरस १९७५चा. त्यात एकही ट्यूब नाही, आणि स्वच्छ आवाजाचा मापदंड म्हणून आजही त्याचंच नाव घेतलं जातं. बी. बी. किंग यांनी लॅब सिरीजचा एल-५ वर्षानुवर्षं मंचावर वापरला, तोही ट्रान्झिस्टरचाच. तेव्हा ‘ट्यूब नाही म्हणजे सूर नाही’ हे सोडून द्या. खरी अडचण अशी की त्याच कंपन्यांनी नवशिक्यांसाठी जे छोटे अ‍ॅम्प काढले, त्यांत पैसे वाचवले ते स्पीकरमध्ये आणि डब्यात. लोकांनी सहा इंची स्पीकरचा टिनपाट आवाज ऐकला आणि खापर फोडलं ट्रान्झिस्टरवर.

नावावरही जाऊ नका. मार्शलच्या १९९१पासूनच्या व्हॉल्व्हस्टेट मालिकेतल्या मोठ्या मॉडेलांत गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये एक ईसीसी ८३ ट्यूब असे. पॉवर विभाग, म्हणजे स्पीकर हलवणारा शेवटचा टप्पा, ट्रान्झिस्टरचाच. ‘ट्यूब आहे’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हे ठाऊक असतं किंवा नसतं, तुम्हाला असावं.

आता वॉट. दहा वॉट आणि वीस वॉट यांत आवाजाचा फरक फक्त ३ डेसिबलचा, म्हणजे ‘हो, थोडा मोठा वाटतोय’ एवढाच. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. उलट स्पीकरची संवेदनशीलता बघा: एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात ते. स्वस्तातला आठ इंची स्पीकर ८८-९०च्या आसपास देतो, चांगला गिटारचा बारा इंची ९७ ते १००. हा नऊ-दहा डेसिबलचा फरक वॉटच्या भाषेत आठ-दहा पट होतो. म्हणजे चांगल्या स्पीकरवर चालणारा दहा वॉटचा अ‍ॅम्प, भिकार स्पीकरवरच्या ऐंशी वॉटच्या तोडीस तोड मोठा वाजतो. म्हणून मी दहा किंवा बारा इंची स्पीकर असलेला, पंधरा ते चाळीस वॉटचा, मागून अर्धवट उघडा अ‍ॅम्प आधी बघतो. मार्शलचा लीड १२ (मॉडेल ५००५) बघा: फक्त बारा वॉट, पण दहा इंची सेलेस्टियन, आणि डबाही आखूड नाही. म्हणूनच तो अजून लोकांच्या तोंडी आहे. पीव्हीचे बारा इंची बँडिट वजनाला नकोसे आणि सरावासाठी गरजेपेक्षा दांडगे, पण घरात ते तीनवर ठेवूनही भरीव वाजतात. आठ इंचीत व्हॉक्सचा पाथफाइंडर १५आर मला आवडतो. स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगांनी आणलेला घुमारा) आणि ट्रेमोलो (आवाजाची लयबद्ध थरथर) एवढ्याशा डब्यात, आणि तेही कामाचे.

ज्यात डिजिटल मॉडेलिंग आहे, म्हणजे एका नॉबवर दहा अ‍ॅम्पची नावं लिहिलेली असतात, ते जुने घेताना मी हात आखडता घेतो. चालू आहे तोवर उत्तम. पण त्यातली मुख्य चिप गेली तर ती कुठून आणणार? दुसरा तसाच मेलेला अ‍ॅम्प शोधून त्याचे अवयव काढायचे, एवढाच मार्ग. निव्वळ अ‍ॅनालॉग अ‍ॅम्पमधल्या टीएल०७२ किंवा ४५५८सारख्या आयसी चाळीस वर्षांनंतरही बनतात. पॉवरसाठीच्या एलएम१८७५चंही तसंच, टीडीए२०५० मात्र मूळ कंपनीने बनवणं थांबवलंय; या दोन विकत घेताना नकली माल भरपूर फिरतो हे लक्षात ठेवा.

प्रत्यक्ष बघायला जाताना स्वतःची गिटार, स्वतःची केबल, टॉर्च आणि असलाच तर मल्टिमीटर न्या. विकणाऱ्याची केबल वापरू नका. निम्म्या वेळा खरखर तिचीच असते आणि ‘केबलच खराब आहे हो’ या सबबीआड अ‍ॅम्पची खरखरही खपून जाते.

प्लग लावायच्या आधी वास घ्या. हसू नका. जळकी वार्निश किंवा कुजट माशासारखा वास मागच्या बाजूने येत असेल तर आत काहीतरी शिजलंय. मग टॉर्चने स्पीकरचा कोन बघा. कडेची घडी फाटलेली नाही ना, मधली टोपी आत दबलेली नाही ना? टोपी दबलेली असली तर दिसायला वाईट, आवाजाला फारसं बिघडत नाही. जाळी निघत असेल किंवा डबा मागून उघडा असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो हळूच, सरळ आत ढकला. निःशब्द आत-बाहेर झाला तर ठीक. वाळू घासल्यासारखं काही जाणवलं तर कोन हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, घासतेय, आणि मग त्या अ‍ॅम्पची किंमत स्पीकर वजा करून धरायची. स्पीकर मूळचाच आहे की कुणी गाडीतला आणून बसवलाय हेही तेव्हाच कळतं.

मागची पट्टी नीट वाचा. किती व्होल्ट? जपानी बाजारासाठीचे १००, अमेरिकन १२०, बाकी बऱ्याच जगात २२० ते २४०. १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३०वर लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि ट्रान्सफॉर्मर हाच त्यातला सगळ्यात अवघड मिळणारा भाग. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण तो अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटपेक्षा सढळ क्षमतेचा घ्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो, तेही धरून चाला. फ्यूज काढून बघायला लाजू नका. त्याच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला तर नमस्कार करून बाहेर पडा. फ्यूज उडत होता म्हणूनच तो कागद आला, आणि का उडत होता ते कुणीच शोधलेलं नाही.

जुन्या अमेरिकन अ‍ॅम्पांना दोन पिनांचा प्लग असतो. तो तीन पिनांचा करून चॅसिसला अर्थ जोडून घेणं हे ऐच्छिक काम नाही. आणि याच्या उलट, गुणगुण कमी होते म्हणून अर्थची पिन कापणारे महाभाग असतात. तसला प्लग दिसला तर आधी तो बदला, मग तारेला हात लावा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पच्या आत ट्यूबसारखे तीन-चारशे व्होल्ट नसतात, सहसा वीस ते चाळीस असतात, हे खरं. पण स्विच, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मरची मुख्य बाजू इथे घरातली वीज जशीच्या तशी असते आणि ती तेवढ्याच इमानदारीने झटका देते.

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला अ‍ॅम्प असेल तर मी तो थेट प्लगात कधीच घालत नाही. सिरीज बोर्ड वापरतो, म्हणजे वाटेत एक साधा चाळीस-साठ वॉटचा पिवळा दिवा. एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा. चालू करताच दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला तर सगळं जागेवर आहे. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि दिव्याने तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचवला.

आता सगळे नॉब शून्यावर, गिटार न लावता, अ‍ॅम्प चालू करा. एक हलकासा ‘ठप’ चालतो. पण कोन बाहेर किंवा आत गेला आणि तिथेच राहिला, सोबत जोराचा घूंऽऽ आवाज आला, तर ताबडतोब बंद. आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी गेलीय आणि स्पीकरमध्ये थेट डीसी जातोय. काही सेकंदांत कॉइल जळते. मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या दोन टोकांवर डीसी मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असलं की मी पुढे जातो. शेकड्यात असेल तर दुरुस्तीचा खर्च धरून बोलणी करतो. आणि अ‍ॅम्प बंद करून, स्पीकरची एक तार सोडवून त्याचा रोधही बघा: आठ ओमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच दाखवतो, चार ओमचा सव्वातीन-साडेतीन. हे नॉर्मल आहे, घाबरू नका.

गुणगुणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गिटारवाल्याकडे तिचं निदान करायचं उत्तम साधन आधीच गळ्यात असतं. पहिली पायरी: व्हॉल्यूम शून्यावर असताना गुणगुण आहे की नाही? शून्यावरही तेवढीच असेल तर दोष पॉवर सप्लायकडे किंवा शेवटच्या टप्प्यात. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर प्रीअ‍ॅम्प, केबल किंवा गिटार. गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरा. एखाद्या दिशेला गुणगुण मावळली तर ती सिंगल-कॉइल पिकअपची आहे, अ‍ॅम्प निर्दोष. तारांना हात लावल्यावर कमी झाली तर गिटारच्या आतलं शील्डिंग कमकुवत आहे किंवा आसपास विजेचा गोंगाट फार आहे.

दुसरी पायरी सुराची. फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की विजेच्या दुप्पट वारंवारितेची गुणगुण येते. ५० हर्ट्झच्या विजेवर म्हणजे १०० हर्ट्झ. हा सूर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे जी-च्या (९८ हर्ट्झ) किंचित वर बसतो. ६० हर्ट्झच्या विजेवर १२० हर्ट्झ येतो, आणि तो पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या बरोबर मधोमध पडतो. तेव्हा गिटार नीट सुरात लावा, तिसऱ्या फ्रेटवरचा तो जी हळू वाजवा आणि गुणगुणीशी ताडून बघा. जवळजवळ जुळला, दोन सूर एकमेकांना लाटा देऊ लागले, तर मोठे कपॅसिटर बदलायला आलेत. काम सोपं, भाग स्वस्त. त्याच्या एक सप्तक खाली, पन्नास किंवा साठवर असेल तर बहुधा अर्थिंगचा किंवा शील्डचा घोळ आहे. छोट्या स्पीकरला इतका खालचा सूर धड वाजवता येत नाही, त्यामुळे ही गुणगुण घुसमटलेली आणि वर करकरीची झालर असलेली ऐकू येते.

मग वाजवा. प्रत्येक नॉब शून्यापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर आनंदाने ऐका आणि विकणाऱ्यालाही ऐकवा. ती बहुतेकदा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी जाते. क्लीनर वंगण असलेला घ्या आणि पॉटच्या आत नळी घालून मारा. गंज सोडवायचं घरगुती तेल त्यात मारू नका, त्यावर धूळ बसून दोन महिन्यांनी दुप्पट खरखर होते. साफ करूनही आठवड्यात खरखर परतली तर पॉट निर्दोष असू शकतो: आधीच्या टप्प्याचा कपॅसिटर गळका होऊन पॉटवर डीसी येत असतो.

सहावी, सगळ्यात जाड ई तार जोरात छेडा आणि डबा कुठे खडखडतो का ऐका. हँडलचे स्क्रू, जाळीची चौकट, मागची फळी, रिव्हर्बची टाकी, सगळे संशयित. हाताने एकेक दाबून धरत गेलं की चोर सापडतो. स्पीकर फाटलाय असं समजून टाकून दिलेले अ‍ॅम्प मी बघितलेत, आणि खडखडत होता तो नावाचा बिल्ला.

किमान वीस मिनिटं तो चालू राहू द्या. गप्पा मारा, चहा मागा. गार असताना उत्तम वाजणारे आणि तापल्यावर आवाज दाबणारे अ‍ॅम्प बरेच असतात. कारण बहुधा एकच: प्रीअ‍ॅम्पच्या आयसींना लागणारे अधिक-उणे पंधरा व्होल्ट झेनर डायोड आणि दोन जाड रेझिस्टर वापरून बनवलेले असतात. हे रेझिस्टर वर्षानुवर्षं भाजत राहतात, खालची सर्किटची पाटी तपकिरी होते आणि सोल्डर सुकतं. भिंगातून बघितलं तर सोल्डरच्या टेकाडाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. गार असताना ती टेकलेली असते, तापलं की उघडते. पुन्हा ताजं सोल्डर लावलं की विषय संपला. अशीच चीर इनपुट जॅकच्या पायांशी पडते, कारण जॅक थेट पाटीवर बसवलेला असतो आणि केबलवर कुणाचा तरी पाय पडलेला असतोच. केबल लावून प्लग हलकेच वर-खाली हलवा, कळेल.

जपानी बनावटीच्या अ‍ॅम्पांत आणखी एक गंमत आढळते. मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात बुडाशी फिकट पिवळा गोंद लावलेला असतो. उष्णतेने तो चॉकलेटी आणि कडक होतो, मग थोडी थोडी वीज वाहू लागतो आणि शेजारच्या भागांचे पाय कुरतडतो. लोक त्याला कपॅसिटर फुटला समजतात. कपॅसिटर धडधाकट असतो; गोंद खरवडून काढा, खाली हिरवे पडलेले पाय दिसले तर ते भाग बदला.

आता ज्या दोषामुळे सगळ्यात स्वस्तात चांगले अ‍ॅम्प मिळतात तो दोष. ‘दिवा लागतो, पण आवाजच नाही.’ असा अ‍ॅम्प दिसला की माझे कान टवकारतात. हेडफोनच्या जॅकमध्ये एक लवचीक पाती असते. प्लग आत गेला की ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो. प्लग निघाला की ती परत खालच्या टोकाला टेकते आणि स्पीकर जोडला जातो. हेडफोन कधीच न वापरलेल्या अ‍ॅम्पमध्ये या दोन टोकांवर काळपट थर चढतो आणि स्पीकर कायमचा तुटलेला राहतो. साधा प्लग आठ-दहा वेळा भराभर आत-बाहेर करा. मध्येच करकर होऊन आवाज आला तर तुम्ही अ‍ॅम्प दुरुस्त केलात, घरी जाऊन क्लीनर मारा. इफेक्ट्स लूप (पेडलं मध्ये जोडण्यासाठीची सेंड-रिटर्न जॅकची जोडी) असलेल्या अ‍ॅम्पमध्ये हाच रोग ‘रिटर्न’च्या जॅकला होतो, तिथे आवाज जात नाही, तर मंद आणि घोगरा होतो. सेंड आणि रिटर्न एका छोट्या केबलने जोडून बघा. आवाज खणखणीत झाला तर निदान झालं.

रिव्हर्ब चालत नसेल तर डबा हलकेच हलवा. स्प्रिंगांचा गडगडाट स्पीकरमधून आला तर टाकी आणि तिच्या पुढचा भाग ठीक, दोष तिला चालवणाऱ्या बाजूला. काहीच आलं नाही तर टाकीला जाणाऱ्या दोन तारा आधी बघा. कुणीतरी आत डोकावताना त्या निसटलेल्या असतात. नुसत्या रिव्हर्बपायी चांगला अ‍ॅम्प सोडू नका.

दिसण्याबद्दल एकच वाक्य: कापड फाटलेलं, नॉब गायब आणि कोपरे झिजलेले असतील तर उत्तम, किंमत पाडा.

आता वाजवण्याकडे. ओव्हरड्राइव्हचा जो चिरका आवाज आपण विचारलात, त्यात थोडा दोष अ‍ॅम्पचा आणि बराचसा वापरायच्या पद्धतीचा. त्या काळातल्या छोट्या अ‍ॅम्पांत गेन म्हणजे बहुधा दोन डायोड आणि त्यांच्यापुढे रेटलेली आयसी. गेन सात-आठवर नेला की लाटेचे माथे सपाट कापले जातात, वरच्या वारंवारितांचा कचरा तयार होतो, आणि छोटा स्पीकर तो कचराच सगळ्यात आवडीने वाजवतो. गेन तीन-चारवर ठेवा, ट्रेबल निम्म्याच्या खाली आणा, मिडल वाढवा. गिटारचा व्हॉल्यूमही सातवर आणून बघा. पण माझा खरा सल्ला असा की अ‍ॅम्पचा ओव्हरड्राइव्ह चॅनल विसरूनच जा. स्वच्छ चॅनल वापरा आणि पुढे एक साधं ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा सगळ्यात मोठा गुण हाच की दोनवर आणि सहावर त्याचा स्वभाव फारसा बदलत नाही, त्यामुळे पेडल त्याच्यावर इमानदार वाजतं. ट्यूब अ‍ॅम्प खुलायला आवाज वाढवावा लागतो. इथे शेजारी झोपलेले असतानाही जवळजवळ तोच सूर मिळतो. पॉवर विभाग मात्र फाटेपर्यंत ताणू नका. ट्यूब तिथे हळूहळू विरघळते, ट्रान्झिस्टर एकदम कापतो.

जागा बदलल्यानेही अर्धं काम होतं. स्पीकर वरच्या वारंवारिता सरळ समोर, झोतासारख्या फेकतो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही उभे, म्हणजे तो झोत तुमच्या पोटऱ्यांना मिळतो. तुम्ही ट्रेबल वाढवत जाता आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलून कलता करा. जमिनीपासून उचलला की बुडाचा फुगवटाही कमी होतो. कोपऱ्यात ढकलला तर तो परत वाढतो. सहा-आठ इंची स्पीकरच्या बाबतीत हा फुगवटा कधी कधी हवासाही असतो.

जादा स्पीकरचा जॅक असेल तर त्याचा फायदा घ्या: बारा इंची कॅबिनेटवर लावलेला पंधरा वॉटचा अ‍ॅम्प ओळखू येत नाही. नियम एकच. मागे लिहिलेल्या ओमपेक्षा कमी ओमचा भार कधीही जोडायचा नाही; जास्त चालतो, फक्त वॉट कमी मिळतात. आठ लिहिलं असेल तर सोळा चालेल, चार नाही. आतला स्पीकर चालू ठेवून बाहेरचा समांतर जोडला जात असेल तर दोन आठचे मिळून चार होतात, हे विसरून आउटपुट आयसी जाळणारे पुष्कळ आहेत. ट्यूब अ‍ॅम्पसारखी ‘स्पीकर काढला तर जळेल’ ही भीती मात्र इथे नाही.

हेडफोनचा आवाज या अ‍ॅम्पांवर वाईटच असतो, आणि त्याला कारण आहे. गिटारचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ सगळं गाळून टाकतो. हेडफोन गाळत नाही. जुन्या अ‍ॅम्पच्या हेडफोन जॅकवर तो गाळणारा भाग नसतोच, म्हणून स्वच्छ आवाज बरा आणि ओव्हरड्राइव्ह कानात किसणी फिरवल्यासारखा वाटतो. काही जॅक मोनो असतात, मग एकाच कानात आवाज येतो. एक छोटा अ‍ॅडॉप्टर पुरे. रेकॉर्डिंगसाठी लाइन-आउट वापरणार असाल तर पुढे कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या त्या गाळण्याची नक्कल करणारं साधन, हवंच. आणि स्पीकरच्या जॅकमधून मिक्सरकडे केबल नेऊ नका. काही अ‍ॅम्पांत स्पीकरचं एकही टोक अर्थला जोडलेलं नसतं. मिक्सरने ते अर्थला लावलं की अ‍ॅम्पचा पॉवर विभाग गेला.

राहिला फूटस्विच. त्यापायी अ‍ॅम्प सोडू नका. जुन्या अ‍ॅम्पांत तो बहुतेकदा साधा चालू-बंद स्विच असतो, प्लगचं टोक बाहेरच्या नळीला टेकवणारा. ओळखायचं असं: गिटारची केबल फूटस्विचच्या जॅकमध्ये घाला आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगचं अग्र आणि नळी स्क्रूड्रायव्हरने जोडा. फक्त हा स्पीकरचा जॅक नाही ना, याची आधी खात्री करा. जोडलेलं असेपर्यंत चॅनल बदलून राहिला तर दाबला की दाबलेलाच राहणारा स्विच हवा; टेकवल्यावर बदलला आणि सोडल्यावरही बदललेलाच राहिला तर क्षणिक स्विच हवा. चॅनल आणि रिव्हर्ब दोन्ही एकाच जॅकवर असतील तर स्टिरिओ प्लग आणि दोन स्विच लागतात. लोखंडी डबी, स्विच आणि तीन मीटर केबल एवढ्यात तो घरी बनतो. गोल, पाच-सात पिनांचा डिन सॉकेट असेल तर मात्र आधी सर्किटचा नकाशा मिळवा, कारण त्या पिनांवर दिव्यासाठीचे व्होल्टही असतात आणि अंदाजाने टेकवाटेकवी केली तर आतलं काहीतरी जातं.